शंभरीचं पीठ

मी शंभर वर्षं जगायचं ठरवलं आहे!

असं मी गेल्या आषाढात जळगावच्या आमच्या घरी, सकाळच्या चहाला, मोठ्याने जाहीर केलं. मोहिनी, म्हणजे आमची सौभाग्यवती, मेथीची जुडी निवडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं,

"कोणाला विचारलं?"

"यात विचारायचं काय? जगणार मी!"

"आणि सांभाळणार कोण?"

थोर संकल्पांची सुरुवात अशीच उपेक्षेत होत असते, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं. वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिण्यात माझा जन्म गेला. फार हसलं की पोट दुखतं म्हणतात. माझ्या वाचकांचं दुखलं की नाही ते ठाऊक नाही, पण माझं सुटलं मात्र! निवृत्तीनंतर तर ते माझ्या आधी घरात शिरू लागलं. तेव्हा नाशिकला आहारतज्ज्ञ असलेल्या आमच्या लेकीने, मयुरीने, मला एक व्हिडिओ पाठवला. जपानच्या एका बेटावर, इटलीच्या एका डोंगराळ मुलखात, आणखी कुठे कुठे, माणसं म्हणे सहज शंभरी गाठतात. भाजीपाला खातात, कडधान्य खातात, भरपूर चालतात आणि पोट ऐंशी टक्के भरलं की हात धुतात.

आता पोट ऐंशी टक्के भरलं हे कळायचं कसं? स्कूटरच्या टाकीला निदान काटा असतो. माझ्या पोटाचा काटा लग्नाच्या वर्षीच बिघडला. ऐंशी टक्के झाले हे मला नेहमी एकशे वीसला पोचल्यावर कळतं!

पण मी मागे हटलो नाही. घरातून तूप हद्दपार केलं. शेवभाजीला देशोधडीला लावलं. ओट्स आणले, ऑलिव्हच्या तेलाची बाटली आणली. त्या तेलात मोहिनीने फोडणी दिली, तर मोहरी तडतडलीच नाही. पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी तळाशी गप्प बसून राहिली.

इथपर्यंत प्रकरण घरातल्या घरात होतं. पण बढाई मारायला मला नेहमीच चार भिंती कमी पडतात. आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या कट्ट्यावर मी शंभरीचा विषय काढला, आणि अध्यक्ष योगराज आबांनी तिथल्या तिथे माझं व्याख्यान ठेवलं. श्रावणी पौर्णिमेनंतरच्या रविवारी, विषय 'शंभरीचा सोपा मार्ग'.

"पण भाऊ," आबा म्हणाले, "जपान-बिपान नको. तिकडचं काय, कोणी तपासायला जात नाही. आपल्या मातीतलं एखादं उदाहरण द्या."

"उदाहरण आमच्या घरातच आहे!" मी छाती पुढे काढली. ती पोटाच्या पुढे काही गेली नाही, पण उद्देश चांगला होता. "आमची मोठी माय!"

मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको, बेबाबाई. धरणगावजवळच्या आमच्या गावी राहते. नव्वदीच्या पलीकडे नक्की कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. वय विचारलं की म्हणते, "तापीले मोठा पूर उना तवय मी पाळनामा व्हतू." तो पूर कुठला, यावर गावात अजून एकमत नाही. दात नाहीत, पण जिभेला धार आहे. नातू समाधान दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला. तो तिकडच्या क्वार्टरमध्ये चल चल म्हणतो, ती घराचा ओटा सोडत नाही.

मी बेत आखला. श्रावणात कानबाईला आम्ही गावी जातोच. दरवर्षी शनिवारी जातो आणि सोमवारी कानबाई नदीवर गेली की मी दुपारची एस.टी. पकडतो. यंदा पौर्णिमेपर्यंत मुक्काम ठोकायचा आणि मोठी माय काय खाते, कशी राहते, याचा कसून अभ्यास करायचा!

मोहिनीला हे सांगितलं, तर तिचा मेथी निवडणारा हात थांबला.

"तुम्ही दरवर्षी सोमवारी निघता, तेच बरं असतं."

"का?"

"काही नाही," ती म्हणाली आणि पुन्हा मेथीत शिरली.

बायको 'काही नाही' म्हणते तेव्हा नेमकं काहीतरी असतं, हे संसाराचं बाळबोध सूत्र. मी मात्र त्या दिवसांत जपानी सूत्रांवर होतो.

आता कानबाईचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचा अनर्थ समजणार नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. ती जाते, पण तिचं पीठ मागे राहतं! आमच्या घराण्याची रीत अशी की कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो दळायचा आणि त्या पिठाचे जाडजूड रोट करून पौर्णिमेच्या आत संपवायचे. खायचे ते फक्त कुळातल्या माणसांनी. सुना चालतात, कारण त्या घरात आल्या. लग्न झालेल्या लेकी चालत नाहीत, कारण त्या दुसऱ्या कुळात गेल्या. शेजारी नाही, सोयरा नाही, गाय नाही, कुत्रं नाही. टाकून देण्याचं तर नावच नको!

शनिवारी गहू मोजायला आम्ही बसलो. मी नाव घ्यायचं आणि मोठ्या मायने मूठ टाकायची. तिची मूठ आता सुकलेल्या लिंबाएवढी झालेली. त्यात हात थरथरत होता. माझ्यातला अभ्यासक हळहळला.

"मोठी माय, दे इकडे. मी मोजतो."

आमच्या वडिलांनी मला इस्टेटीत काय दिलं असेल तर हा पंजा. शाळेत मास्तर छडी मारायचे तेव्हा नेम चुकायचा प्रश्नच नव्हता! मी पहिली मूठ टाकली. मोठ्या मायने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"शाल्या, हाई मूठ शे का टोपलं?"

"मूठच आहे, मोठी माय! देवीच्या कामात हात आखडता कशाला?"

मग नावं. इथे मी दुसरा पराक्रम केला. आमच्या घराण्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर 'आपलं कुळ' नावाचा गट आहे. त्यावर मी आठवडाभर आधी लिहिलं होतं, 'यंदा रोटाला सगळ्यांनी यायचंच!' त्यावर पुण्याहून हितेंद्रचा अंगठा आला. बंगळूरहून पियुषचा अंगठा आला. कॅनडातून एक अंगठा आला, त्याचं तर नावही मला आठवेना! अंगठ्यांचा नुसता पाऊस! मी भारावून गेलो आणि एकेका अंगठ्यामागे सव्वा सव्वा मूठ टाकत सुटलो.

"बठ्ठा येतीन का रे?" मोठ्या मायने विचारलं.

"बठ्ठा! अंगठे दिलेत सगळ्यांनी!"

पूर्वी आमच्याकडे माणूस अंगठा द्यायचा आणि शेत जायचं. हल्ली अंगठा देतो आणि येत नाही. अंगठ्याचा भरवसा तेव्हाही नव्हता, हे मला आठवायला हवं होतं.

शेवटी मी हात झटकले, तर मोठी माय म्हणाली, "झुलाल ऱ्हायना. झुलाल आन त्याना पोरं."

झुलाल म्हणजे माझा चुलतभाऊ, धाकट्या काकांचा मुलगा. मोठ्या मायच्या घराला त्याचं घर लागून. त्याची चारही पोरं आखाड्यात मातीत लोळून वाढलेली. तो माझ्याशी बोलत नाही. का, तर मयुरीच्या लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीत तूप वाढणारा त्याच्या पानापाशी आला आणि भांडं संपलं. वाढपी तूप आणायला आत गेला, तिथे त्याला कोणीतरी दुसऱ्याच कामाला जुंपलं. झुलालने बट्टी कोरडी खाल्ली! खान्देशात माणूस बांधावरून भांडेल आणि विसरेल, पण कोरडी बट्टी विसरणार नाही. तेव्हापासून मी ज्या घरात असेन त्या घराचा उंबरा तो ओलांडत नाही.

"तो कुठे येतो रोट खायला?" मी म्हणालो.

"कुळमा शे ना? मोज."

मी मोजलं. पैलवान म्हणून मुठीही जरा चढत्याच टाकल्या.

रविवारी कानबाई बसली. मांडव, फुलं, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, सगळं झालं. फक्त माणसं नव्हती. समाधान आणि त्याची बायको सकाळी आली आणि त्याची रात्रपाळी होती म्हणून संध्याकाळी गेली. बाकी अंगठ्यांनी एकेक करून व्हिडिओ कॉल केले.

"नाना, लीव्ह कॅन्सल झाली! जरा देवीकडे फोन फिरवा ना."

मी फोन घेऊन कानबाईभोवती फिरत होतो. पुण्याने दर्शन घेतलं, बंगळूरने घेतलं, कॅनडाने झोपेतून उठून घेतलं. कॅनडा तर म्हणालं, "रोट मस्त दिसताहेत!" दिसताहेत! फोनमधून हात घालून एक तरी उचल ना बाबा!

सोमवारी कानबाई नदीवर गेली. झुलालची पोरं सगळ्यांत पुढे नाचत होती. मी आणि झुलाल मिरवणुकीत शेजारी शेजारी चाललो होतो, तो उजवीकडच्या कपाशीकडे बघत, मी डावीकडच्या.

दुपारी मोठ्या मायने माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"तू जास नही का?"

"नाही! पौर्णिमेपर्यंत इथेच! तुझा अभ्यास करायचा आहे."

तिने मोहिनीकडे पाहिलं. मोहिनीने छताकडे पाहिलं. मी पिठाच्या डब्याकडे पाहिलं. तो डबा नव्हता हो, रांजणाचा धाकटा भाऊ होता! आणि खाणारी माणसं तीन. त्यातल्या एकीला दात नाहीत, दुसरीला भूक बेताची आणि तिसरा ऐंशी टक्क्यांवर.

अभ्यास सुरू झाला. मोठी माय पहाटे उठते. ओट्यावर बसते. एरवी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, अर्धी भाकरी, बोटभर ठेचा आणि वाटीभर वरण, हा तिचा आहार. सध्या भाकरीच्या जागी रोट, तोही अर्धाच. दिवसभर ओट्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारते. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाचा पोरगा पहाटे कोणाच्या मोटारसायकलवर बसून आला, सगळ्या गावाची खबर तिला. मी अभ्यासक असल्यामुळे तिची भाकरी तेवढी लक्षात ठेवली. माणसं गाळली, कारण ती आहारात येत नाहीत!

मी सकाळी रोट, दुपारी रोट, संध्याकाळी रोट खात होतो. संध्याकाळी डबा उघडावा, तर पीठ कालच्याच रेषेवर! जळगावहून आणलेल्या ओट्सच्या पुड्या पिशवीत तशाच. मी एक पुडी झुलालच्या म्हशीपुढे ठेवली. तिने वास घेतला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, बट्टीची गोष्ट हिलाही कळली आहे.

मयुरीचा रोज फोन. "बाबा, पोळ्या किती खाता?"

"एकही नाही," मी खरं तेच सांगत होतो.

"गुड! आणि तूप?"

"थेंबही नाही!" हेही खरं होतं. आल्याच दिवशी मी मोठ्या मायचं तुपाचं गाडगं उचलून माळ्यावर ठेवलं होतं आणि चुलीजवळ ऑलिव्हची बाटली उभी केली होती. मोठ्या मायने त्या बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि ते तेल दाराच्या बिजागऱ्यांना घातलं. दार तेव्हापासून कुरकुरत नाही. ऑलिव्हचा एवढा एकच गुण मला अनुभवाने ठाऊक आहे.

बुधवारी दुपारी मोठ्या मायने डब्याचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि शांतपणे परत ठेवलं.

"शाल्या, पौर्णिमाले पीठ उरनं ते पुढला साल कानबाई बसाव नही."

"असं कोण म्हणतं?"

"मन्ही सासू सांगे. पीठ उरनं म्हनजे खानारा सरनात. खानाराच नही ते देवी कोनाकडे ई?"

मी काहीतरी हसण्यावारी नेणार होतो. जन्मभर तेच केलंय. पण ती पुढे म्हणाली,

"आन मंग मी बी कोनासाठे बठू आठे?"

रडली नाही, आवाज चढवला नाही. 'उद्या बाजार आहे' म्हणावं तसं म्हणाली. आणि मला पहिल्यांदा कळलं की शंभरीच्या गप्पा मी मारतो आहे, आणि जी खरोखर तिथे पोचायला आली आहे ती एका डब्यावरून परत फिरायच्या बेतात आहे. तो डबा भरला होता माझ्याच मुठीने!

मग काय! मी ऐंशी टक्के सोडले. शंभर सोडले. पोटाने हात जोडले तरी खात राहिलो. गुरुवारी मोहिनीने माझ्या हातातला घास काढून घेतला. "शंभरी गाठायला निघालात ना? मग या आठवड्यात मरू नका!"

आता बाहेरून कुमक आणणं भाग होतं. मी धरणगावच्या स्टँडवर जाऊन उभा राहिलो. आमचं आडनाव पाटील. खान्देशात स्टँडवर 'ओ पाटील!' अशी हाक मारली की अर्धा स्टँड वळतो आणि उरलेला अर्धा एस.टी.च्या खिडकीतून डोकावतो. तसंच झालं! त्यातला एक भुकेलेला चेहरा मी हेरला. आधार पाटील, राहणार सोनगीर, धुळ्याच्या गाडीची वाट पाहत होते.

"जेवलात का?"

"नाही अजून."

"चला!"

"अहो, पण आपली ओळख?"

"पाटील ना? मग ओळख कसली?"

मी त्यांना रिक्षात घातलं आणि घरी आणून थेट पानावर बसवलं. बिचाऱ्यांनी हात धुतले, रोटाचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला. तो तोंडाजवळ पोचणार तोच मोठी माय काठी टेकत बाहेर आली.

"कोन गावना, भाऊ?"

"सोनगीर."

"सोनगीरना कोनता पाटील? कुळ कोनतं तुमनं?"

त्यांनी कुळ सांगितलं. मोठ्या मायच्या सुरकुत्या खुलल्या. "अरे! हाऊ ते आपला सोयरा! आपली कमलबाई यास्नाच घरमा दियेल शे! बठा, बठा भाऊ!"

मला आनंद झाला. तो अर्धा क्षण टिकला. कारण लगेच तिने त्यांच्या हातातला तुकडा अलगद काढून घेतला आणि ताटही ओढलं.

"सोयराले रोट चालत नही."

ओळख पटली आणि जेवण गेलं, असं जगात दुसरीकडे कुठे घडत असेल तर मला कळवा! मोहिनीने घाईघाईने त्यांच्यासाठी पोहे टाकले. त्यांची गाडी मात्र चुकली. जाताना ते मोठ्या मायच्या पाया पडले, मोहिनीला नमस्कार केला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "भाऊ, यापुढे धरणगावला कोणी पाटील म्हणून हाक मारली तर मी वळणार नाही."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी मी डब्यापाशी हताश बसलो होतो. तेवढ्यात परसदारी काही हललं. झुलालची मोठी सून, हातात रिकामी परात. तिने आत डोकावलं, मला पाहिलं आणि अशी सटकली की परात मात्र जात्याला आपटून खणखणली!

"ही कशाला आली होती?"

मोठ्या मायने मोहिनीकडे पाहिलं. मोहिनीने पुन्हा छताकडे. दोघींचे चेहरे असे, की काहीतरी दाबून ठेवायला दोघी आतून ताकद लावताहेत.

"मोठी माय, खरं सांग!"

"काय सांगू?" तिने पदर तोंडाला लावला. "दरसाल तू सोमवारले गाडीमा बठस, आन मांगला दारथून झुलालनं बठ्ठं घर येस. दोन दिनमा डबा पालथा!"

"काय?"

"तू गया का तो येस. तू शे ते तो कसा ई?"

वाचकहो, माझी काय अवस्था झाली ती सांगतो. वर्षानुवर्षं मी पौर्णिमेला फोन करायचो, "पीठ संपलं का?" मोठी माय म्हणायची, "सरनं." आणि मी मानत होतो की नव्वदीपारची ही बाई एकटीने ते संपवते! माझ्या व्याख्यानाचा गाभाच तो होता! दीर्घायुष्याचा अभ्यास करायला मी जो मुक्काम ठोकला होता, नेमका तोच मुक्काम तिच्या मुळावर आला होता.

"मग मला जा म्हणायचं ना!"

"आपला घरना मानुसले जा म्हनू?" ती म्हणाली. "त्याले ये म्हनता येत नही, तुले जा म्हनता येत नही. मी काय करू? मी डबाकडे देखू."

सोपा मार्ग होता. पिशवी उचलायची, एस.टी. पकडायची, पैलवान मागच्या दाराने येतील आणि डबा संपेल. मी पिशवी उचललीही. पण मोठी माय डब्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती, आणि का कोण जाणे, मी पिशवी ठेवून पुढच्या दाराने बाहेर पडलो आणि झुलालच्या ओट्यापुढे जाऊन उभा राहिलो.

झुलाल बाजेवर बसून दोरी वळत होता. त्याने मला पाहिलं आणि दोरीला पीळ जरा जास्तच दिला.

"झुलाल."

त्याने दोरीचा पुढचा पेड हातात घेतला.

"पीठ उरलंय."

"माले काय सांगस? जास्तीनी मूठ कोनी टाकी?" गावात ती बातमीही पोचली होती.

"मी. ये, जेवायला चल."

"तू शे ना घरमा."

"मी आहे. म्हणून तर बोलवायला आलो."

त्याने दोरी खाली ठेवली. एवढी वर्षं मनात धरलेलं वाक्य बाहेर काढलं. "तुन्ही पोरना लगीनमा बठ्ठास्नी बट्टीवर तूप पडनं. मन्ही कोरडी ऱ्हायनी. मी कुळमा नव्हतू का?"

इतक्या वर्षांत मी त्या कोरड्या बट्टीवर निदान डझनभर विनोद केले होते. त्यातला एकही त्या क्षणी आठवला नाही.

"चल," मी म्हणालो, "मी वाढतो. माझ्या हाताने."

"तुन्हा हातनी?" त्याने माझ्या पंजाकडे पाहिलं. त्याच्या मिशीचं एक टोक हललं. "हाई टोपलानी?"

मी घरी पळालो, माळ्यावर चढलो. माझं वजन माळ्याला आवडलं नाही, त्याने तसं बोलूनही दाखवलं. गाडगं घेऊन उतरलो, तोवर झुलालचं सगळं घर पुढच्या दाराने आत आलं होतं! चार पैलवान, त्यांच्या बायका, पोरंसोरं. मोहिनी आणि सुना चुलीपुढे बसल्या. रोट तव्यावरून उतरायचे आणि ताटात पोचायच्या आत नाहीसे व्हायचे. डब्यातली रेष डोळ्यांदेखत खाली जाऊ लागली. जपानच्या बेटावर असं दृश्य दिसलं तर तिथले म्हातारे टाळ्या वाजवतील!

मी झुलालच्या रोटावर तुपाची धार धरली. आमच्याकडची रीत अशी की खाणाऱ्याने 'बस' म्हटलं की थांबायचं.

तो 'बस' म्हणेना.

रोट तुपात बुडाला. तो गप्प. रोट पोहू लागला. तो गप्प. माझ्या डोळ्यांत बघत बसलेला. त्याचं ताट भरत आलं, गाडगं रिकामं होत आलं. शेवटचा थेंब पडला तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "बस."

मग त्याने तुपाने निथळणारा अर्धा रोट मोडून माझ्या ताटात टाकला. "आते तू खा. कोरडं खाऊ नको."

मी खाल्ला. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या आठवड्यात पहिल्यांदाच मला भूक लागली होती. खाता खाता मयुरीचा तो व्हिडिओ आठवला. त्याचा शेवटचा भाग मी पळवत पाहिला होता, कारण त्यात पाककृती नव्हती. तिथली म्हातारी माणसं नुसती घोळक्याने अंगणात बसून एकमेकांची थट्टा करत होती. मला वाटलं होतं, जाहिरात असेल.

पौर्णिमेला दुपारी, पोरांच्या राख्या बांधून झाल्यावर, शेवटचा रोट झाला. तो सगळ्यांनी बोटभर बोटभर खाल्ला. मोठ्या मायने डबा ओढून घेतला, आत हात फिरवून बोटांना पीठ लागतं का पाहिलं, आणि तो पालथा घातला. त्याच्या बुडावर थाप मारली. घरात पैलवानसुद्धा श्वास धरून उभे होते.

"पुढला साल," ती म्हणाली आणि थांबली.

मी माझ्या आयुष्यात एखाद्या वाक्याच्या शेवटाची इतकी वाट पाहिली नव्हती.

"पुढला साल मूठ मीच मोजसू. शाल्यानी मूठ नको!"

सगळं घर हसलं. सगळ्यांत मोठ्याने झुलाल. मी दोन्ही टोपली जोडून आधी कानबाईला आणि मग तिला नमस्कार केला. कामावरून काढून टाकल्याबद्दल एवढा आनंद झालेला माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल.

ठरल्या दिवशी जळगावात व्याख्यान झालं. मी शंभरीचा सोपा मार्ग बाजूला ठेवला आणि घडलं ते सगळं सांगितलं. ओटा, पीठ, तूप, झुलाल, काहीही लपवलं नाही. दोन-चार म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, शेवटी जमलं एकदाचं! तेवढ्यात योगराज आबा उठले, घसा साफ केला आणि म्हणाले,

"भाऊ, फार छान. पण मुद्द्याचं राहिलं. ते पीठ जळगावात कोणत्या दुकानात मिळतं?"

मी म्हणालो, "आबा, आधी कुळ सांगा."